प्राणाला मनाचा लगाम

वैशाखात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, तेव्हा वऱ्हाडातील योगवर्ग सूर्योदयापूर्वीच भरतात. सतरंज्या अंथरल्या जातात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुटतात आणि शेकडो साधकांचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा एका ठेक्यात चालू लागतो. २०१५पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून साजरा होतो आहे. योगाला लाभलेला हा लोकाश्रय अभिमानास्पदच आहे. परंतु श्वासांची आवर्तने मोजण्याच्या या उत्साहात मन कोठे असते, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही.

पतंजलींच्या अष्टांगयोगात प्राणायामानंतर प्रत्याहार व धारणा येतात. म्हणजे प्राणायाम हे मनाच्या दाराशी पोहोचविणारे पाऊल आहे, मुक्काम नव्हे. हठयोगाचे आचार्यही प्राण आणि मन यांची एकच गाठ मानतात. एक स्थिरावला की दुसरे स्थिरावते. चीनच्या चीगाँग साधनेतही नाभीखालच्या केंद्रावर लक्ष स्थिर करतात. मन पुढे आणि त्यामागून ‘ची’ अर्थात प्राणशक्ती, असा तेथील दंडक आहे. दोन प्राचीन संस्कृती एकाच अनुभवाशी पोहोचल्या, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

अमरावतीला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार जगापुढे मांडले. दोरीच्या मल्लखांबावर आसन बांधणाऱ्या खेळाडूचे चित्त क्षणभर ढळले तरी श्वास बिघडतो, आणि श्वास बिघडला की पकड सुटते. मनाविना प्राण म्हणजे काय, ते तेथे शरीरच शिकविते.

शास्त्राचा कौलही याच बाजूचा आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. प्राणायामात प्राणवायू भरपूर मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मोजमाप करून खोडली आणि त्याचे मोल अन्यत्र आहे, हे दाखविले. स्वतःच्या परंपरेचा अभिमान बाळगूनही तिची परीक्षा घेता येते, हा त्यांचा धडा आजही ताजा आहे.

तो विसरल्यास धोका आहे. मार्गदर्शकाविना अतिरेकी चीगाँग करणाऱ्यांत मानसिक विकृती उद्भवल्याच्या नोंदी झाल्या आणि १९९४ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या परिशिष्टातही तिचा उल्लेख आला. भर उन्हाळ्यात भस्त्रिकेची आवर्तने वाढवीत नेणारा आणि शीतलीकडे दुर्लक्ष करणारा वर्ग त्याच वाटेचा पहिला टप्पा होय. ऋतू, प्रकृती आणि वय पाहून साधना देणारा शिक्षक ध्वनिक्षेपकाने निर्माण होत नाही.

वऱ्हाडात तर मनाचे ओझे हा केवळ तात्त्विक विषय नाही. नापिकी आणि कर्ज यांनी खचलेल्या शेतकऱ्याला ‘दीर्घ श्वास घ्या, सारे ठीक होईल’ असे सांगणे ही त्याची थट्टा ठरेल. प्राणायाम त्याला धीर देऊ शकतो. औषधाची, समुपदेशनाची आणि गावाने द्यावयाच्या आधाराची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या श्वासाच्या गतीने शिकविणारा एक कार्यकर्ता शंभर जणांच्या शिबिराहून अधिक उपयोगी पडेल.

म्हणून पुढील योगदिनी मैदानावर किती जण जमले, ही मोजदाद खुशाल व्हावी. मात्र त्यातील किती जण वर्षभर रोज दहा मिनिटे डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष ठेवून बसले, हेही प्रत्येक वर्गाने स्वतःला विचारावे. कसोटी तीच आहे.