शॉर्टसर्किट आभाळातून पडत नाही!
गाडी पेटली की आपण 'शॉर्टसर्किट' म्हणतो आणि विषय संपवतो. 

परवा मित्राच्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवताना दुकानातून आणलेलं किट सोललं. पाकिटावर '४ गेज, शुद्ध तांबं'. वर रबर बोटाएवढं जाड, आत तारा मोजक्याच. एक तार ब्लेडने खरवडली, आतून पांढरी! तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. खऱ्या ४ गेजला २१ चौरस मिलिमीटर तांबं लागतं. ही वायर तेवढी जाड असती तरी तिची वाहकता तांब्याच्या ६०-६५ टक्केच.

त्यात फिटर फ्यूज लावणार डिकीत, अ‍ॅम्पशेजारी. का? "छान दिसतो, साहेब." अरे बाबा, फ्यूज दाखवायला नाही, वायर वाचवायला असतो! तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. नाहीतर मधली १५ फूट वायर कुठे पत्र्याला घासली की जळेपर्यंत करंट ओढणार. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट? तो तर कुणी मागतही नाही.

घराच्या वायरवर आयएसआय शोधणारे आपण, गाडीत पोरंबाळं बसवून हे खपवून घेतो. मी भांडून किट परत केलं. तुम्हीही दुकानातच तार खरवडायला लावा, बिलावर 'तांबं' लिहून घ्या. आणि फसवलं तर १९१५ वर तक्रार करा, ग्राहक हेल्पलाइन आहे ती.