मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी

मुलगा दहावी पास झाला की बाप कौतुकाने गाडीची किल्ली देतो. ‘दुकानापर्यंतच जातोय,’ आई म्हणते. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले आहे. १८ वर्षांखालील मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. ‘मला ठाऊक नव्हते’ हे पालकानेच सिद्ध करायचे. शिवाय मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरी, सगळीच कामे बंद. ऐन कमावत्या वयात पोरगा घरी बसेल. तोवर किल्ली खुंटीलाच राहू द्या.