जो लुई : रिंगणांतील आणि रिंगणाबाहेरचा

मुष्टियुद्धास खेळ म्हणावें कीं नियमांनीं बांधलेली मारामारी म्हणावी, हा वाद जुना आहे व तो येथें मिटविण्याचा आमचा विचार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ मुलांना हा खेळ आवडतो व पुष्कळ मातापित्यांना तो आवडत नाहीं, एवढें ठाऊक असूनहि आम्ही एका मुष्टियोद्ध्याविषयीं लिहीत आहों. कारण त्याच्या चरित्रावरून जो निष्कर्ष सामान्यतः काढण्यांत येतो, तो आम्हांस अपुरा वाटतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. या काळांत त्यानें आपलें पद २५ वेळां राखलें. त्याच माणसाचें उत्तर आयुष्य कर्जांत गेलें. ‘कमावलें आणि उधळलें’ एवढ्याच शब्दांत त्याची वासलात लावणारे लोक पुष्कळ आहेत. उधळपट्टी झाली हें खोटें नाहीं. परंतु जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू उघडून पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

लुईचा जन्म १३ मे १९१४ रोजीं अलाबामा संस्थानांत लाफायेट गांवाजवळ झाला. बाप दुसऱ्याची जमीन अर्धेलीनें करीत असे. मुलगा अगदीं लहान असतांनाच त्या बापास वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. आईनें दुसरा विवाह केला आणि १९२६ मध्यें सर्व कुटुंब मोटारींच्या कारखान्यांमुळें भरभराटीस आलेल्या डेट्रॉइट शहरीं जाऊन राहिलें. लुई शाळेंत मागें पडला. त्याचें बोलणें अडखळत असे, म्हणून तो फारसा बोलतच नसे. त्यास सुतारकाम शिकविणाऱ्या शाळेंत धाडण्यांत आलें. आईनें व्हायोलिनच्या शिकवणीसाठीं दिलेले पैसे त्यानें मुष्टियुद्ध शिकण्यांत घातले. (हा भाग आमच्या बालवाचकांनीं अनुकरणासाठीं निवडूं नये.) मंदीच्या दिवसांत हें कुटुंब सरकारी मदतीवर जगलें होतें. पुढें हातीं पैसा येतांच लुईनें ती रक्कम परत केली. ज्यांस त्याच्यांत केवळ उधळ्या दिसतो, त्यांनीं ही नोंद प्रथम वाचावी.

४ जुलै १९३४ रोजीं शिकागो येथें तो पहिला धंदेवाईक सामना लढला. त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो व ज्यूलियन ब्लॅक आणि शिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे तिघेहि कृष्णवर्णीय होते, व त्यांस एक जुनी गोष्ट चांगली आठवत होती. १९०८ मध्यें जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. तो जिंकल्यावर हंसे, प्रतिस्पर्ध्यास टोचून बोले आणि त्यानें गोऱ्या स्त्रियांशीं विवाह केले. १९१३ मध्यें एका गोऱ्या स्त्रीस परसंस्थानांत नेल्याचें निमित्त करून त्यास दोषी ठरविण्यांत आलें. (त्यास क्षमा मिळाली ती २०१८ मध्यें, मृत्यूनंतर ७२ वर्षांनीं.) जॉन्सननें १९१५ मध्यें पद गमावल्यावर २२ वर्षें एकाहि कृष्णवर्णीयास त्या पदासाठीं लढूं देण्यांत आलें नाहीं. म्हणून रॉक्सबरोनें लुईस नियम घालून दिले : पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद दाखवूं नये, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढूं देऊं नये, चारचौघांत वागणें निष्कलंक असावें. त्या काळच्या वर्तमानपत्रांनीं लुईच्या विनयाची फार वाखाणणी केली.

या वाखाणणीविषयीं आमचें मत निराळें आहे. पडलेल्यास हिणवूं नये, असें आम्हीहि क्रीडांगणावर मुलांस शिकवितों. पण तो नियम सर्वांस सारखा असतो. लुईवर घातलेला नियम त्याच्या कातडीकडे पाहून घातलेला होता. गोऱ्या मुष्टियोद्ध्यानें हात उंचावून नाचावें आणि लुईनें खालीं मान घालून कोपऱ्यांत जावें, यास सभ्यता म्हणतां येत नाहीं; ती पोटासाठीं पत्करलेली अट होती. ती त्यानें अनेक वर्षें निभावून नेली. ज्याचें बोलणें आधींच अडखळत होतें त्याच्या तोंडास ही दुसरी गांठ बसली, आणि पुढें पैशाच्या व्यवहारांतहि ‘हें असें कां?’ म्हणून त्यानें कोणास विचारलें नाहीं, त्याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें.

रिंगणांतील त्याच्या कौशल्याविषयीं जाणत्यांमध्यें मतभेद नाहीं. ब्लॅकबर्ननें त्यास आखूड ठोसा शिकविला : हात लांबून फिरवावयाचा नाहीं, पाय जमिनीवर तोलून ठेवावयाचे आणि थोड्या अंतरांत सारें बळ आणावयाचें. तथापि १९ जून १९३६ रोजीं जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें त्यास बाराव्या फेरींत पाडलें. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुईचा तो हात खालीं येतो, हें श्मेलिंगनें आधींच हेरून ठेवलें होतें. पुढील वर्षीं २२ जून रोजीं शिकागोस जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरींत पाडून लुई जगज्जेता झाला. परंतु श्मेलिंगचा हिशेब पुरा होईपर्यंत आपण खरे जगज्जेते नाहीं, असें तो मानी. तो हिशेब बरोबर एक वर्षानें, २२ जून १९३८ रोजीं, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर अवघ्या १२४ सेकंदांत पुरा झाला. हिटलरच्या राजवटीनें श्मेलिंगला आपल्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरविलें होतें, त्यामुळें त्या रात्रीं गोऱ्या अमेरिकेनेंहि लुईस आपला म्हटलें. त्याच अमेरिकेंत असंख्य उपाहारगृहांत व वसतिगृहांत लुईच्या वर्णाच्या माणसास प्रवेश नव्हता. आणि श्मेलिंग? तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत बर्लिनमध्यें ज्यूंवर हल्ले झाले तेव्हां त्यानें एका ज्यू स्नेह्याच्या दोन मुलांस आपल्या खोलींत लपवून वांचविलें. ही गोष्ट १९८९ पर्यंत जगास कळली नाहीं.

१९४७ च्या डिसेंबरांत जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध पंचांनीं लुईस विजयी ठरविलें, तेव्हां आपण हरलों असेंच त्यास वाटत होतें; त्यानें वॉलकॉटजवळ जाऊन खेद व्यक्त केला. पुढील जूनमध्यें अकराव्या फेरींत त्यास पाडून त्यानें तो संशयहि फेडला.

युद्धकाळांतील त्याची वागणूक हा आमच्या मतें त्याच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भाग होय. ९ जानेवारी १९४२ रोजीं बडी बेअरशीं झालेल्या सामन्याची आपली बिदागी त्यानें आरमाराच्या मदतनिधीस दिली आणि दुसऱ्याच दिवशीं साधा शिपाई म्हणून सैन्यांत नांव नोंदविलें. मार्चमध्यें एब सायमनशीं झालेल्या सामन्याची बिदागी सेनेच्या मदतनिधीस गेली. या सैन्यांत काळ्यागोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. कॅन्सस संस्थानांतील फोर्ट रायली येथें जॅकी रॉबिन्सन व इतर शिकलेले कृष्णवर्णीय तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गासाठीं अर्ज करून वाट पाहत होते. त्यांचे अर्ज हालत नव्हते. लुईनें युद्धखात्यांतील आपल्या ओळखीच्या वकिलास, ट्रूमन गिब्सन यांस, कळविलें आणि अर्ज हालले. हाच रॉबिन्सन १९४७ मध्यें बेसबॉलच्या वरिष्ठ संघांतील वर्णबंदी मोडणारा खेळाडू ठरला. लुईस ‘लीजन ऑफ मेरिट’ हें पदक मिळालें, तें १९४५ मध्यें.

आतां त्या वहीकडे वळूं. लुईच्या सामन्यांची बिदागी चाळीस लाख डॉलरांवर गेली, असें सांगतात. त्यांतील सुमारें निम्मी व्यवस्थापकांची होती; सरावाचा व प्रवासाचा खर्चहि निघावयाचा. सैन्यांत असतांना शिपायाचा पगार, आणि घर, नातलग व आश्रित पूर्वीसारखेच. तेव्हां सामने भरविणाऱ्या माइक जेकब्सकडून उचल घेणें सुरू झालें. लुईचे स्वतःचे दोषहि लहान नव्हते. हात पुढें करणाऱ्यास तो नोटा मोजल्याशिवाय देई. गोल्फवर पैजा लावून तो मोठाल्या रकमा हरे. त्याच्या नांवाचें शीतपेय निघालें, तें चाललें नाहीं. आणखी कांहीं धंदे असेच बुडाले. संसारांतहि तो एकनिष्ठ राहिला नाहीं. मार्व्हा ट्रॉटरशीं त्याचा दोनदां विवाह झाला व दोनदां मोडला. या सर्वांवर प्राप्तिकर आला. युद्धकाळांत व त्यानंतर कांहीं वर्षें मोठ्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर अमेरिकेंत शेंकडा नव्वदांच्या आसपास कर होता. जुन्या वर्षांच्या थकबाकीवर व्याज चढत गेलें, आणि मागणी पुढें दहा लाखांच्या वर गेली. दान केलेल्या दोन बिदाग्यांवरहि कर आकारला गेला, असें त्याच्या चरित्रांत लिहिलेलें आढळतें.

व्याज फेडण्यासाठीं पुन्हां मिळवावें, तर त्या नव्या मिळकतीचाहि बहुतेक भाग करांत जाई. या चक्रांतून निव्वळ मुष्टिबळानें सुटणें शक्यच नव्हतें. तरी निवृत्त झालेला लुई वयाच्या ३६ व्या वर्षीं रिंगणांत परत आला. सप्टेंबर १९५० मध्यें एझर्ड चार्ल्सनें त्यास गुणांवर हरविलें. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं रॉकी मार्सियानोनें आठव्या फेरींत त्यास दोरांतून बाहेर फेंकलें. पुढें तोच मार्सियानो त्याच्या खोलींत जाऊन रडला. १९५६ मध्यें तर पैशासाठीं त्यास दिखाऊ कुस्त्या कराव्या लागल्या व त्यांत छातीस दुखापत झाली. अखेर त्या वेळच्या मिळकतीपुरताच कर घेण्याचें सरकारनें मान्य केलें, तोंवर १९६० चें दशक उजाडलें होतें.

ब्लॅकबर्ननें त्याच्या पायांची ठेवण सुधारली, रॉक्सबरोनें त्याचें वागणें ठरविलें, जेकब्सनें त्याचे सामने ठरविले. पण बाकी कशी काढावी हें त्यास कोणींच शिकविलें नाहीं, आणि तें त्यास न येण्यांत पुष्कळांचा फायदा होता. आमच्या पालकांस आम्ही येथें विनंती करतों. मुलाचा पेला दिवाणखान्यांत मांडा, अवश्य मांडा. पण त्याच्या नांवें आलेलें पत्र त्यास स्वतः वाचूं द्या आणि खाऊच्या पैशाचा हिशेब त्यासच लिहूं द्या.

लुई गप्प होता, म्हणून तो मिंधा होता असेंहि कांहीं म्हणत. त्यांत मुहम्मद अली होता. त्यानें तरुणपणीं लुईवर कठोर टीका केली आणि पुढें त्याचा आदरहि केला. अलीनें १९६७ मध्यें सैन्यांत जाण्यास नकार दिला व त्याची किंमत मोजली. तें धैर्य आम्ही मानतों. पण १९५२ मध्यें सॅन डिएगोच्या गोल्फ स्पर्धेंत काय झालें, तेंहि पाहावें. त्या धंदेवाईक गोल्फसंघाच्या घटनेंतच केवळ गोऱ्यांस सभासद करण्याचें कलम होतें. लुई वर्तमानपत्रांपुढें उघड बोलला. त्यास स्वतःस खेळूं देण्यांत आलें, परंतु बिल स्पिलर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूस नाहीं. तें कलम १९६१ मध्यें गेलें. म्हणजे त्याला बोलतां येत नव्हतें, असें नव्हे.

शेवटचीं वर्षें दुःखाचीं होतीं. मादक द्रव्यांची संवय जडली. कोणी आपल्यास मारूं पाहतें, असें त्यास वाटूं लागलें. १९७० मध्यें त्यास डेन्व्हरच्या मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. पुढें लास व्हेगसच्या सीझर्स पॅलेस या हॉटेलांत पाहुण्यांचें स्वागत करण्याच्या नोकरीवर तो असे. थोर पुरुषाची ही विटंबना, असें कित्येकांस वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. लोक त्याचा हात हातांत घेण्यास येत, तोहि हंसून बोले, आणि तिसरी पत्नी मार्था, जी स्वतः वकील होती, त्याचा व्यवहार पाही. १९७७ पासून तो चाकांच्या खुर्चींत होता. १२ एप्रिल १९८१ रोजीं त्याचें निधन झालें.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमींत जागा मिळण्याच्या नियमांत तो बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं तो नियम बाजूस ठेवला, आणि सार्जंट जो लुई बॅरो याचें दफन लष्करी इतमामानें झालें. त्या अंत्यविधीच्या खर्चांतील कांहीं भार मॅक्स श्मेलिंगनें उचलला होता. युद्धानंतर दोघांचा स्नेह जमला होता. जर्मनींत शीतपेयाच्या व्यापारांत सधन झालेला श्मेलिंग अडचणीच्या काळांत लुईस मदत करीत असे. तो २००५ मध्यें, वयाच्या ९९ व्या वर्षीं वारला.