माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हॉस्पिटलातला कॉम्प्युटर

मैत्रिणींनो, घर बदलण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकींवर आला असेल. ट्रक येतो, खोकी उतरतात, कपाटं जागेवर लागतात. संध्याकाळी कुणी भेटायला येतं, चहाचं आधण ठेवावं तर साखरेचा डबा कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच ठाऊक नसतं! साखर हरवलेली नसते बरं का, घरातच असते. पण वेळेला हाताशी नसते.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या एका हॉस्पिटलात नेमकं हेच चाललं होतं. केसपेपर बंद करून सगळं कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं होतं. नोंदणीच्या खिडकीपुढे ही भली मोठी रांग! आतली मुलगी एकेक अक्षर शोधून टिपत होती. वॉर्डातल्या सिस्टर आधी कागदावर लिहीत आणि मग तेच पुन्हा कॉम्प्युटरवर भरत. लोक चिडत होते. पण खरं सांगू, नवा कुकर घरात आला तेव्हा आपणही शिट्ट्या मोजताना गोंधळलो होतोच की! पहिले दिवस असेच जायचे.

त्याच गडबडीत एका पहाटे माझ्या भाचीला तिथे न्यावं लागलं. आमची ताई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून पोर पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. पाणी गेलं होतं, कळा मात्र सुरू नव्हत्या. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. सिस्टरने रीतसर विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" भाची म्हणाली, "नाही." कॉम्प्युटरवरही तो रकाना कोराच होता.

सिस्टरच्या तोंडून 'अ‍ॅम्पिसिलिन' असं नाव ऐकलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. "सिस्टर, जरा थांबा. हे पेनिसिलिनपैकी तर नव्हे ना?"

"त्यातलंच आहे. का हो मावशी?"

पोर सात वर्षांची असताना याच हॉस्पिटलात तिला पेनिसिलिन दिलं होतं. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. ताई आणि मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होतो. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. आठवण ठेवायचं काम ताईचं होतं. दर डॉक्टरला ती बजावून सांगायची. ताई गेली आणि ती माहितीही तिच्याबरोबर गेली.

डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध दिलं. दुपारी रेकॉर्डच्या खोलीतून जुनी फाइल शोधून आणली. वरच तांबड्या शाईत, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. मग कॉम्प्युटरला ते का दिसलं नाही? फाइलवर तिचं माहेरचं नाव होतं आणि नवी नोंद सासरच्या नावाने झाली होती. त्यातून लग्नात सासरच्यांनी तिचं पहिलं नावही बदललेलं! एका बाईच्या दोन बाया झाल्या होत्या.

पुरुषाचं नाव जन्मभर एकच असतं. आपलं बालपणीचं आजारपण एका नावावर, बाळंतपण दुसऱ्या नावावर, कधी दुसऱ्या गावीही. जुना क्लार्क चेहरा ओळखून "अमक्यांची मुलगी का तू?" असं म्हणायचा. कॉम्प्युटर नाव, जन्मतारीख आणि नंबर एवढंच ओळखतो. आणि जुने कागद त्यात आपोआप जात नाहीत. कुणीतरी बसून ते भरावे लागतात. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कोरा रकाना म्हणजे 'नाही' असं नव्हे. त्याचा अर्थ 'अजून कुणी लिहिलेलं नाही' एवढाच.

तुम्ही म्हणाल, आता 'आभा' नंबर आलाय ना? आलाय, आणि तो कामाचाही आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला सरकारने ही योजना देशभर सुरू केली. नंबर चौदा आकडी असतो, आणि लग्नानंतरही तोच राहतो, हा आपला मोठा फायदा. पण पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि हे वेगळं. आभा काढणं ऐच्छिक आहे. तुमचे रिपोर्ट ज्या त्या हॉस्पिटलातच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरला ते दाखवायचे तर तुमची संमती लागते. अर्थात, ज्या हॉस्पिटलाने नोंद केलेलीच नाही, तिथलं काही त्यात दिसणार नाही.

कागद मात्र टाकू नका. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्ससारख्या मोठ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर भामट्यांनी बंद पाडले होते. कित्येक दिवस सगळा कारभार हाताने लिहून चालवावा लागला.

तेव्हा वाणसामानाची यादी करतो तशी ही कामं या आठवड्यात उरका:

१. घरातल्या प्रत्येकाचं एक पान करा. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, न सोसणारी औषधं, ऑपरेशनं आणि त्यांची सालं, चालू गोळ्यांची नावं लिहा. आमच्या सासूबाई 'ती पांढरी गोळी' एवढंच सांगतात! गोळ्यांच्या वेष्टनावरून नाव उतरवून घ्या. स्वतःच्या पानावर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा.

२. औषध सोसलं नाही तर नेमकं काय झालं तेही लिहा. मळमळणं वेगळं आणि श्वास लागणं वेगळं. डॉक्टरांना तो फरक कळायला हवा.

३. आई, सासूबाई, मावशी यांना आजच विचारा, "लहानपणी मला काय काय झालं होतं?" हे काम उद्यावर ढकलू नका.

४. नोंदणीच्या खिडकीवर सांगा, "माझी जुनी फाइल या नावाने आहे, ती याला जोडा." नाव आणि जन्मतारीख बरोबर पडली का, ते वाचून दाखवायला सांगा. भिडस्तपणा करू नका.

५. घरी सोडताना डिस्चार्जचा कागद मागून घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे, रुग्णाने मागितल्यास नोंदींची प्रत ७२ तासांत द्यायची असते.

६. फोनवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला सांगू नका, मग तो हॉस्पिटलचं नाव का घेईना.

संध्याकाळी भाचीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तर बाईसाहेब वही मागत होत्या. पहिल्या पानावर स्वतःची दोन्ही नावं, पेनिसिलिन तांबड्या शाईने. दुसऱ्या पानावर बाळाचं वजन आणि बीसीजीची तारीख. नावाची जागा तेवढी बारशापर्यंत रिकामी ठेवली आहे.