छोट्या हत्तीचा चारा



मुंबईच्या उपनगरांत थेट ज्वारी आणि तूरडाळ विकणारे काही गट आता विचारू लागले आहेत, की तिकडे विजेवरचा टेम्पो घ्यावा का? घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांत माल पोचवताना भाड्यातच नफ्याचा लचका जातो, हे खरे. शोरूमवाला सांगतो, 'तेल नाही, धूर नाही, खर्च नाही.' खर्च नाही म्हणणारा भेटला की शेतकऱ्याने कागद-पेन्सिल काढावी. बियाणेवाल्याने आणि औषधवाल्याने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे.

टाटांचा एस २००५ साली आला आणि लोकांनी त्याचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. २०२२ मध्ये तो विजेवर आला. २०२५ च्या जूनमध्ये एस प्रो निघाला. तेव्हाचे भाव असे : पेट्रोलवरचा ३.९९ लाख, सीएनजी-पेट्रोलवरचा ४.९९ लाख, विजेवरचा ६.५० लाख. भार पाऊण टन, म्हणजे ज्वारीची पन्नास किलोची पंधरा पोती. जिनिंगला कापूस न्यायचे हे वाहन नाही, तो विचार कोणी करू नये.

बॅटरी १४.४ युनिटांची. एका चार्जमध्ये कागदावर १५५ किलोमीटर. कंपनीचा आकडा म्हणजे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचे एकरी उत्पन्न; आपल्या बरड रानात तेवढे उतरत नाही. भरल्या गाडीला, उपनगरातल्या गर्दीत, १०० धरा. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून त्या १०० किलोमीटरला साडेसोळा युनिटे. युनिट १० रुपयांनी धरले तर किलोमीटरला १ रुपया ६५ पैसे पडतात. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २० किलोमीटर धरले तर ४ रुपये. वाचले २ रुपये ३५ पैसे. वाशीच्या बाजारातून बोरिवलीला जाऊन परत आले की ८० किलोमीटरच्या आसपास होतात. असे २६ दिवस चालवले तर महिन्याला ४,८८८ रुपये हाती राहतात. जादा घातलेले १ लाख ५१ हजार ३१ महिन्यांत फिटतात. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही.

पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून तेलावरच्या मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवरचा ५ टक्के तसाच राहिला. कपात पूर्ण पदरात पडली असे धरले तर दोन गाड्यांतला फरक १ लाख ९० हजारांच्या घरात जातो आणि फेड ३९ महिन्यांवर. गाडी दिवसाला ३० किलोमीटरच फिरली तर तीच फेड साडेआठ वर्षांवर. उभा टेम्पो उभ्या बैलासारखा, चारा खातोच.

देखभाल मात्र खरोखर कमी आहे. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. वेग कमी करताना मोटरच गाडीला आवरते, त्यामुळे ब्रेक जास्त टिकतात. टायर, १२ व्होल्टची छोटी बॅटरी हा खर्च चुकत नाही. मोठ्या बॅटरीला गल्लीतल्या मिस्त्रीने हात लावू नये. पावसाळ्यात अंधेरीचा सबवे तुंबतो, त्यात गाडी घालू नये. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ती चाचणी प्रयोगशाळेतली, सबवेतली नव्हे.

खरी मेख पुढे आहे. वरचा सगळा हिशेब आपल्या मीटरवर रात्री चार्ज करण्याचा आहे. उपनगरातला टेम्पोवाला चाळीत किंवा झोपडपट्टीत राहतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावतो. तिथे प्लग कुठला? बाहेर चार्ज केले आणि युनिटला, १८ टक्के जीएसटीसकट, २० रुपये पडले, तर बचत किलोमीटरला ७० पैसे उरते. मग १ लाख ९० हजार फिटायला जवळजवळ अकरा वर्षे! म्हणजे नफा गाडीत नाही, गाडी रात्री कुठे उभी राहते त्यात आहे. (अंधेरी-बोरिवलीला अदानी आणि टाटांची वीज, मुलुंडला आपलीच महावितरण. मुलुंडला ती रात्रभर असते. आपल्या पंपाला अजून कितीतरी फीडरवर पाळीने येते.)

सरकारची नजर कुठे आहे तेही पाहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अटल सेतू, पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर विजेच्या मोटारी आणि बस यांना टोल माफ झाला. मालवाहू गाड्या वगळल्या. माणूस मोटारीत बसून गेला तर हवा शुद्ध राहते, आणि ज्वारीचे पोते गेले तर राहत नाही? छोटा टेम्पो नागपूरहून समृद्धीने येणार नाही हे आम्हालाही कळते. पण या रस्त्यांवरून जवळपास माल टाकणाऱ्याला तरी हा भेद का?

आमचे मत असे : आधी प्लग, मग टेम्पो. एकट्या गटाने घेऊ नये, दोन-तीन गटांनी मिळून रोजचे ८० किलोमीटर भरत असतील तरच घ्यावा. बाजारसमितीच्या आवारात मालवाहू गाड्यांसाठी मीटर लावून चार्जिंगची जागा मागावी. फुकट नको, पडेल तो दर घ्या. तोवर भाड्याचा टेम्पो तीन महिने चालवा, रोजचे किलोमीटर वहीत लिहा आणि ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.