नकार द्यायला उथळ पाणी हवं

शार्कच्या मीलनाबद्दल लिहिताना नराच्या दांडगाईवरच पानं भरली जातात. दांडगाई असतेच. बऱ्याच जातींत नर मादीचा छातीचा पर जबड्यात घट्ट धरतो, त्याशिवाय त्याला सहसा जुळता येत नाही. निळ्या शार्कच्या मादीची कातडी नराच्या दुपटीहून जाड असते, ती उगाच नव्हे. पण या झटापटीत मादी काय करते, हे पाहायला आपण फार उशीर केला.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापलीकडे ड्राय टॉर्टुगास बेटं आहेत. तिथे जेफ्री कॅरियर आणि हॅरॉल्ड प्रॅट या जीवशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकापासून वर्षानुवर्षं नर्स शार्कवर नजर ठेवली. नको असलेला नर मागे लागला की मादी थेट किनाऱ्याकडे, अगदी उथळ पाण्यात शिरते. पोट तळाला टेकवते, छातीचे पर वाळूत दाबून धरते. नराला पकडायला काही उरतच नाही. नर घोळक्याने येतात, तरी बहुतेक प्रयत्न फसतात. मादी दरवर्षी येतही नाही, एखाद-दोन वर्षं मध्ये जाऊ देते. आणि आली की एकाच नरावर थांबते असंही नाही. एका वेतातल्या पिल्लांची जनुकं तपासली, तर किमान चार बाप निघाले.

सँड टायगर शार्कची गोष्ट वेगळी. तिच्या दोन गर्भाशयांत शेवटी एकेकच पिल्लू उरतं, कारण थोरलं पिल्लू बाकीच्या भावंडांना पोटातच खाऊन टाकतं. मादी अनेकदा एकाहून जास्त नरांशी जुळलेली असते, पण जगणारी दोन्ही पिल्लं पुष्कळदा एकाच बापाची असतात. याला कुणी मादीची निवड म्हणतात. माझं मन तसं म्हणायला धजत नाही. तिथे निकाल पिल्लांचे दात लावतात. नर्स शार्कचा नकार मात्र नकारच आहे, आणि त्यासाठी तिला उथळ, निवांत पाणी लागतं. म्हणूनच ड्राय टॉर्टुगासमध्ये मीलनाच्या हंगामात तो भाग बोटींना बंद ठेवला गेला.

असं राखलेलं पाणी आपल्याकडच्या शार्कनाही हवं. मुंबईच्या ससून डॉकवर उतरणारी छोटी मुशी पाहा. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर. त्यातून ती माणसासारखीच वारेवर पिल्लं वाढवते. पोट चिरलं की नाळेसकट पिल्लांची रांग बाहेर येते. तिची वीण वर्षभर चालते, त्यामुळे जून-जुलैच्या पावसाळी बंदीने तिला पुरेसा आडोसा मिळत नाही. किनाऱ्यालगत ठरावीक खोलीपर्यंत ट्रॉलरला मज्जाव करणारा कायदा आपल्याकडे 1981 पासून आहे. छोट्या होडीवाले कोळी त्याच्या अंमलबजावणीसाठी सतत ओरडत असतात. त्यांचं ऐका. गस्तीच्या नौका वाढवा, आणि मुशी-पाकटाची पिल्लं कुठल्या खाडीमुखाशी जास्त सापडतात हे त्यांनाच विचारून तेवढं पाणी आधी राखा.