आधी कड, मग फरशी



शेतातल्या कामातून थोडी उसंत मिळाली की घराच्या डागडुजीकडे लक्ष जाते. कुठे पत्रा गळतो, कुठे गोठ्याची भिंत कललेली असते. अशाच एका डागडुजीबद्दल परवा एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये इंटरलॉकिंग फरशी बसवली. मधली फरशी चांगली आहे. पण तोंडाशी ओळी सुटल्या, काही गट्टू वर आले, काही खचले. ठेकेदार म्हणतो, सगळी उखडून नवी करा. एवढा पैसा पुन्हा कुठून आणायचा?"

ताई, सगळी फरशी उखडू नका. तुमचा बिघाड फरशीत नाही, तिच्या कडेत आहे. तो कसा सावरायचा ते पुढे सांगतोच. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

हीच चूक मी माझ्या घरी केलेली आहे. आमचे गाव भीमाकाठचे, काळ्या रानातले. शेती धाकटा भाऊ पाहतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही शेडमध्ये गट्टू बसवले. मी म्हटले, "तोंडाशी काँक्रीटची पट्टी नको का?" काम करणारा म्हणाला, "साहेब, बाहेरून सिमेंटचा तिरपा लेप देतो, झाले काम." दीड गोणी सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी वाचते आहे असे पाहून मी मान हलवली. पहिल्याच पावसाळ्यात तो लेप तडकला. दिवाळीपर्यंत पहिली ओळ दोन बोटे पुढे सरकली होती. पुढच्या वर्षी एका रात्री वीज गेलेली असताना आई जळण आणायला शेडमध्ये गेली, वर आलेल्या गट्टूला तिच्या पायाची ठेच लागली आणि ती हातावर पडली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आधी बांध घालावा, मग पेरावं, असं जगाला सांगत फिरतोस ना रे तू?"

त्या वाक्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणून हा लेख.

कड का सुटते?

गट्टूंच्या फरशीखाली सिमेंट नसते. खाली दाबलेला मुरूम, त्यावर वाळूचा पातळ थर आणि त्यावर गट्टू. दोन गट्टूंमधली फट बारीक वाळूने भरलेली असते. चाकाचा भार एका गट्टूवर आला की तो या वाळूच्या घट्टपणामुळे शेजारच्या गट्टूंवर वाटला जातो. शेजारी शेजाऱ्याला धरून ठेवतो, म्हणूनच ही फरशी टिकते.

आता कडेच्या गट्टूचा विचार करा. त्याला एका बाजूला शेजारीच नाही. ट्रॅक्टरचे वजन सुमारे दोन टन. तो आत शिरताना तोंडाशीच वळतो, ब्रेकही तिथेच लागतो. म्हणजे गट्टूवर नुसता वरून भार येत नाही, आडवा रेटाही बसतो. कडेचा गट्टू केसभर सरकला की फटीतली वाळू खाली पडते. मग दुसरी ओळ सैल होते, मग तिसरी. त्या फटींतून पाणी शिरले की खालची वाळू वाहून जाते आणि खड्डा पडतो.

बैलगाडीचे चाक आठवा. आरे आणि घेराचे तुकडे सगळे लाकडाचे, सुटे. त्यांना एकत्र आवळून ठेवते ती लोखंडी धाव. धाव निघाली की चांगले सागवानी चाकही खिळखिळे होते. फरशीची कड म्हणजे तिची धाव.

तोंडाची पट्टी

शेडच्या तीन बाजूंना सिमेंटात बांधलेली भक्कम भिंत असेल, तर तीच फरशीची कड होते. भिंत मातीची किंवा सुट्या दगडांची असेल, अथवा शेड नुसत्या लोखंडी खांबांवर उभी असेल, तर मात्र चारी बाजूंनी पट्टी घालावी. तोंडाशी तर ती हवीच.

पट्टी ६ इंच रुंद आणि १२ इंच खोल धरा. तिचा खालचा भाग वाळूच्या थराच्या खाली, मुरुमात रुतलेला असला पाहिजे. काळी माती असेल तर चर खोदताना ती काढून टाका आणि तळाशी मुरूम भरून धुमसून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेली पट्टी तडकल्याशिवाय राहत नाही.

काँक्रीटचे प्रमाण एक घमेले सिमेंट, दीड घमेले वाळू आणि तीन घमेली खडी. पाणी बेताचेच. शेडचे तोंड १२ फूट असेल तर ६ घनफूट काँक्रीट लागते, म्हणजे साधारण दीड गोणी सिमेंट. १२ बाय २० फुटांच्या शेडला चारी बाजूंनी पट्टी घालायची तर साडेसात गोण्या धरा. तोंडाच्या पट्टीत ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या आडव्या टाकल्या तर उत्तम. पट्टीची आतली बाजू फळी लावून सरळ आणि उभी घ्या. ती पोटाशी गोलाकार सुटली तर गट्टू तिला चिकटून बसत नाहीत. पट्टीवर पोती टाकून निदान सात दिवस पाणी मारा.

शेडमध्ये ट्रॅक्टर धुतला जात असेल, तर पाणी फटींतून खाली उतरते आणि पट्टीला अडते. त्यासाठी वाळूच्या थराच्या तळाशी दर चार-पाच फुटांवर पट्टीतून अर्ध्या इंची नळीचा तुकडा आरपार ठेवा. आतल्या तोंडाला बारीक जाळीचे न कुजणारे कापड बांधा. पाणी जाईल, वाळू राहील.

गट्टू कोणते, कसे लावावेत?

अशा गट्टूंसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक २००६ साली आले. त्यात ५० मिलिमीटर जाडीचा गट्टू जिथे वाहन जात नाही अशा जागेसाठी सांगितला आहे आणि हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटरचा. भरलेली ट्रॉली आत येणार असेल तर माझा सल्ला ८० मिलिमीटरचा. अंगणातले पातळ गट्टू उरले म्हणून ते शेडमध्ये लावू नका.

आकार साधा, विटेसारखा चौकोनी घ्या. तो सरळ कापता येतो आणि पट्टीला सपाट भिडतो. मांडणी माशाच्या काट्यासारखी, एक उभा एक आडवा अशी करा. नुसत्या सरळ ओळींपेक्षा ही मांडणी वळत्या चाकाचा रेटा चांगला सोसते.

आता कडेची खरी युक्ती सांगतो. मांडणी नेहमी तोंडाकडून सुरू करून आत न्यावी. पट्टीला लागून अख्ख्या गट्टूंची एक ओळ लावा आणि तिच्यामागून काट्याची मांडणी धरा. तिथे फार तर अर्धा गट्टू लागेल. बाकीचे वेडेवाकडे तुकडे मागच्या भिंतीशी जातील, जिथे चाक वळत नाही. बरेच जण आतून सुरुवात करतात आणि तोंडाशी उरेल त्या फटीत चिपा कोंबतात. पहिल्या नांगरटीच्या आत त्या चिपा बाहेर येतात.

कापलेला तुकडा मूळ गट्टूच्या एक तृतीयांशापेक्षा लहान नसावा. तेवढी जागा नसेल तर अलीकडचा गट्टूही थोडा कापून दोन मध्यम तुकडे बसवा. भिंतीशी इंचाहून कमी फट उरली तर तिच्यात बारीक खडीचे काँक्रीट ठासून भरा. ती उघडी ठेवली तर घुशींना दार उघडे ठेवल्यासारखे होईल. त्यांनी खालची वाळू उकरली की फरशी बसलीच म्हणून समजा.

गट्टू छिन्नीने तोडू नका, कटर मशीनने कापा. कापताना पात्यावर पाण्याची धार हवी, कापणाऱ्याच्या तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. ही कोरडी धूळ फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही.

कामाचा क्रम

पहिल्यांदा मुरूम. ६ इंच मुरूम दोन थरांत, पाणी मारून दाबावा. फरशीचा उतार मुरुमातच काढावा. तोंडाकडे दर दहा फुटांना अडीच इंच उतार पुरे.

दुसऱ्यांदा पट्टी आणि तिचे पाणी मारणे.

तिसऱ्यांदा वाळू. १ ते दीड इंचच, एकसारखी. भरड, धुतलेली वाळू किंवा चांगली क्रश सँड चालेल. दगडाची नुसती भुकटी नको, ती पाणी धरून ठेवते. मुरुमातले खड्डे वाळूने भरून काढू नका. जिथे वाळू जाड, तिथेच उद्या फरशी खचते.

चौथ्यांदा गट्टू. दोन गट्टूंमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट असू द्या. मग दाबण्याचे यंत्र भाड्याने आणून फिरवा, कोरडी बारीक वाळू फटींत झाडून भरा, पुन्हा यंत्र फिरवा, पुन्हा वाळू झाडा. जिथे कड अजून बांधलेली नाही, तिच्यापासून तीन फुटांच्या आत यंत्र नेऊ नका. नाहीतर यंत्रच ओळी बाहेर ढकलेल. दाबून झाल्यावर गट्टूची पाठ पट्टीपेक्षा जेमतेम ३ मिलिमीटर वर राहिली पाहिजे. थोडे दिवस वापरल्यावर ती पट्टीच्या पातळीला येते.

शेवटी उतरण. शेड अंगणापेक्षा ६ इंच उंच असेल तर पाच फूट लांबीची उतरण करा आणि ती पट्टीच्या माथ्याला बरोबर मिळवा. मध्ये बोटभरसुद्धा उंबरा राहू देऊ नका. पट्टीवर पिवळ्या रंगाचा एक हात मारा, म्हणजे अंधुक उजेडातही कड दिसते.

सुटलेली कड कशी सावरावी?

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तोंडाकडून चार-पाच ओळी, जिथपर्यंत गट्टू हलतात तिथपर्यंत, काढून घ्या. कापडाने पुसून बाजूला रचा. फुटलेले सोडले तर बाकी सगळे पुन्हा लागतील. ही फरशी सिमेंटात घट्ट केलेली नसते याचा हाच मोठा फायदा.

उघड्या जागेतली वाळू काढा, मुरूम ओला करून धुमसा. वर सांगितल्याप्रमाणे पट्टी भरा आणि सात दिवस पाणी द्या. मग आतल्या ओळीही जरा बाहेर सरकल्या असतील, त्या लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने हळूहळू मागे ठोका. वाळू पसरा, गट्टू लावा, फटी भरा, दाबा. पट्टी भरल्यापासून निदान पंधरा दिवस ट्रॅक्टर बाहेर उभा करा. नवीन गट्टू लागलेच तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे लागतील. खर्च काय तो पट्टीचा आणि मजुरीचा.

आमच्या शेडची कड आम्ही अशीच दुरुस्त केली. भाऊ आणि मी, दोघांनीच. जे काम आधी दोन दिवसांत झाले असते, त्याला पुढे तीन आठवडे लागले.

दोन गोष्टी विसरू नका

ही फरशी पाणी पाझरू देते, तशी ती डिझेल, ऑइल आणि औषधही पाझरू देते. ट्रॅक्टरखाली पत्र्याचे ताट ठेवा. फवारणीचा पंप शेडमध्ये धुऊ नका. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर मुळीच नको.

दुसरे म्हणजे शेडमधले गट्टू चांगले दिसले म्हणून तेच गोठ्यात लावू नका. गोमूत्र फटींत मुरते, वाळू कुजकी होते, वास आणि माश्या वाढतात. गोठ्याला खाचा पाडलेला, गव्हाणीकडून नालीकडे उतार असलेला काँक्रीटचा कोबाच बरा.

एका संध्याकाळी, दिवस मावळण्याआधी, आपल्या शेडच्या तोंडाशी जा. कडेच्या प्रत्येक गट्टूवर पाय ठेवून जोर द्या. एक जरी डुगडुगला तरी पावसाळ्याची वाट पाहू नका. आज चार ओळींचे काम आहे, उद्या दहा ओळींचे होईल. आणि रात्री त्या वाटेने घरातले म्हातारे माणूस जात असते.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी